नाल्याचं पाणी तपासायचंय? आधी काठची जमीन बघा, मग बाटली भरा

"अक्का, हे पाणी किती खराब आहे?" असं विचारत पोरं नाल्याची बाटली घेऊन येतात, तेव्हा माझे प्रश्न ठरलेले असतात. कुठून भरली, किती वाजता भरली आणि त्या दिवशी तुमच्या भागात नळाला पाणी होतं का? तिन्हीची उत्तरं नसतील तर ती बाटली मोरीत ओतायची. पाणी खराब आहे हे सांगायला नाक पुरतं. ते कशानं खराब झालं, वरच्या कोणत्या जमिनीनं त्यात काय सोडलं हे काढायचं असेल तर पद्धत लागते, आणि ती पद्धत सोलापुरात सोलापूरचीच लागते. बारमाही नद्यांच्या गावासाठी लिहिलेली इथं निम्मीच चालते.

मी रसायनशास्त्राची बी.एस्सी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका डाइंगच्या, म्हणजे सूत रंगवण्याच्या, लॅबमध्ये शेड जुळवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. टॉवेलचा मरून आणि चादरीचा मरून यांतला फरक अजून झोपेतही सांगेन. आता घरी शिकवण्या घेते आणि गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना घेऊन पूर्व भागातला एक नाला मोजते. कोणता ते मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा लगेच काठावरच्या कारखान्यांकडे बोट दाखवतो, आणि बोट दाखवायच्या आधी काय काय बघावं लागतं तेच इथं सांगायचंय.

पाणी कुठून येतं ते आधी शोधा

प्रत्येक नाल्याला त्याचा पाणलोट असतो, म्हणजे पावसाचा थेंब पडला की घरंगळत त्याच नाल्यात येईल एवढी जमीन. आपल्या उत्तरेला हिप्परग्याचा एकरुख तलाव आहे, १८७१ साली आदिला नदीवर बांधलेला. त्याच्या खालची आदिला शहराची बाजू घासत सीनेला मिळते आणि सीना पुढे हत्तरसंग-कुडलला भीमेला. शेळगीकडचा नाला वेगळा, होटगी रोडकडचे ओघळ वेगळे. एकाच शहरातले दोन नाले एकमेकांना ओळखतही नाहीत. म्हणून "सोलापूरच्या नाल्यांचं पाणी" असं काही नसतं.

मोबाईलवर उपग्रहाचं चित्र उघडा. इस्रोचं भुवन फुकट आहे, तेही चालेल. नाला जिथं जिथं रस्त्याखालून जातो तिथं खूण करा. या मोऱ्या म्हणजे तुमच्या नमुना घ्यायच्या जागा, कारण तिथं उभं राहायला कठडा असतो आणि खाली उतरावं लागत नाही. मग छत्री घेऊन भर पावसात गल्ल्या फिरा. हे काम नकाशा करू शकत नाही. नवीन काँक्रीटचे रस्ते जुन्या घरांपेक्षा हातभर उंच झालेत, त्यामुळे जे पाणी पूर्वी पूर्वेला जायचं ते आता पश्चिमेला वळलेलं असतं. चौकात उभं राहून पाणी कुणीकडे चाललंय ते बघा आणि कागदावर बाण मारा. एक लक्षात ठेवा, पावसाचा उतार आणि ड्रेनेजच्या पाइपचा उतार एकच असेल असं नाही. शेजारच्या पाणलोटातली घाण पाइपातून तुमच्या नाल्यात येत असेल तर ती चेंबर तुंबल्यावरच कळते.

आता त्या पाणलोटावर शंभर चौकोनांची जाळी आखा. प्रत्येक चौकोनात जास्त काय आहे ते एका अक्षरानं लिहा: शेत, मोकळे प्लॉट, घरं, लूम, डाइंग, बाजार, रस्ता-गॅरेज, गोठा. पत्रा, स्लॅब, डांबर, काँक्रीट अशी पाणी न पिणारी जमीन वेगळी मोजा. ही जमीन पाणलोटाच्या दहा टक्क्यांवर गेली की ओढ्याची तब्येत बिघडायला लागते आणि पंचवीसच्या वर तो ओढा राहत नाही, गटार होतो, असं परदेशातल्या शहरी ओढ्यांच्या अभ्यासातून पुढे आलंय. आपल्या पेठांमध्ये जाळी टाकली तर शेताचा चौकोन शोधावा लागतो, तेव्हा सुरुवात कुठून आहे ते समजून घ्या. हिशेबही साधा आहे. हजार चौरस मीटर पत्र्यावर वीस मिलिमीटर पाऊस पडला की वीस हजार लिटर पाणी काही मिनिटांत नाल्यात उतरतं, वाटेतली सगळी धूळ घेऊन.

कोणती जमीन काय सोडते

शेत म्हणजे गाळ, नायट्रेट, थोडं फॉस्फेट. घरं म्हणजे अमोनिया, साबण, मैला. गोठ्याचंही तसंच, फक्त घट्ट. गॅरेज आणि रस्ता म्हणजे तेलाचा तवंग, टायरची धूळ, आणि जस्ताच्या पत्र्यावरून आलेलं जस्त. बाजारात सडका भाजीपाला, आणि यार्डाकडच्या गटारात कांद्याचा पाला. यावर फार बोलण्यासारखं नाही, कुठल्याही गावात असंच असतं.

आमच्या भागाचं वेगळेपण लूम आणि रंगात आहे, त्यामुळे तिथं जरा थांबते. नुसता लूम ओलं काम करत नाही. त्याच्याकडून कापसाची धूळ आणि मशीनचं ऑइल एवढंच येतं. ओलं काम आधी आणि नंतर होतं. ताण्याच्या सुताला खळ लावतात ती बहुतेक स्टार्चची. ती कापडातून काढली की सगळा स्टार्च पाण्यात उतरतो आणि जंतूंना मेजवानी मिळते. रंग दिसत नाही, वास येत नाही, पण पाण्यातला प्राणवायू खाण्यात हे खळीचं पाणी रंगापेक्षा वरचढ. लोक लाल पाणी बघून ओरडतात आणि दुधट पाणी सोडून देतात, हे मला कधी पटलं नाही.

रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचं काम असं: सूत रंगाच्या पाण्यात, त्यात लिटरला तीस-चाळीस ग्रॅमपासून ऐंशी ग्रॅमपर्यंत मीठ, म्हणजे साधं मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट). वर सोडा टाकून पीएच साडेदहा-अकरावर न्यायचा, आणि तापमान साठ अंश किंवा वर. इतकं करूनही सगळा रंग सुताला बसत नाही, उरलेला धुण्यात जातो. मीठ तर जवळजवळ सगळंच बाहेर पडतं. म्हणून डाइंगचं पाणी ओळखायच्या खुणा चार: गरम, खारट, सोड्याचं, रंगीत. यातला रंग सगळ्यात कमी भरवशाचा. प्रक्रिया केंद्रात रंग उडवता येतो, पण मीठ तिथं उडत नाही. रंग उडालेलं, दिसायला स्वच्छ पाणी पाच पट खारट असू शकतं.

एक छोटी गंमत सांगते. विडी वळणाऱ्या बायका पानं कापायच्या आधी भिजवतात. ते तपकिरी पाणी अंगणातल्या गटारात जातं आणि नवीन पोरं "डाइंगचं पाणी सापडलं" म्हणून धावत येतात. त्यात पानातलं टॅनिन असतं, बाकी काही नाही. थर्मामीटर बुडवला की शंका संपते.

सोलापूरची माती, ऊन आणि नळ

हा भाग नीट वाचा, कारण इथंच बहुतेक प्रोजेक्ट फसतात.

आपल्याखाली बेसॉल्टचा काळा पाषाण, त्यावर मुरूम, वर काळी माती आणि तिच्यात चुनखडीचे खडे. त्यामुळे काही न मिसळताही आपल्या बोअरचं पाणी जड असतं आणि पीएच आठच्या आसपास बसतो. कोकणातल्या ओढ्याचा पीएच साडेआठ आला तर तिथं काहीतरी झालंय असं म्हणता येईल, इथं तो नेहमीचाच. म्हणून पुस्तकातल्या आकड्याशी तुलना करायची नाही. तुलना नाल्याच्या वरच्या मोरीशी, जवळच्या बोअरशी आणि तुमच्या नळाशी. हे तीन तुमचे शून्य. नळाचा शून्यही हलतो, कारण शहराला पाणी उजनीवरून येतं, औज-टाकळीकडून भीमेचं येतं आणि हिप्परग्यावरूनही. उन्हाळ्यात तलाव आटत जातो तसे क्षार घट्ट होतात. त्यामुळे नळ दर मोजणीला पुन्हा मोजा.

पीएच चढा असण्याचा एक तोटा मासे भोगतात. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, त्यातलं मोकळं रूप विषारी. तीस अंशाच्या पाण्यात पीएच साडेसात असेल तर शंभरातला अडीच भाग मोकळा असतो, साडेआठ झाला की वीस. म्हणजे तेवढाच मैला आपल्या चुनखडीच्या, तापलेल्या पाण्यात जास्त मारक ठरतो.

दुसरं ऊन. वीस अंशाच्या स्वच्छ पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशाच्या पाण्यात साडेसात. आपण समुद्रापासून साडेचारशे मीटरपेक्षा वर आहोत म्हणून त्यातूनही पाचेक टक्के वजा. मे महिन्यात उथळ नाल्याचं पाणी दुपारी पस्तिशीला जातं आणि तेव्हा सुरुवातीलाच खिसा रिकामा असतो. उलट साचलेल्या हिरव्या पाण्यात दुपारी तीनला प्राणवायू बारा-तेराही दिसेल, कारण शेवाळ उन्हात तो तयार करतं. तिथंच पहाटे पाचला शून्याच्या जवळ येतो. सिद्धेश्वर तलाव असो की कंबर तलाव, साचलेलं पाणी मोजायचं तर पहाटे मोजा. मासे पहाटेच मरतात.

तिसरं, ज्याकडे कुणी बघत नाही: नळाची पाळी. जानेवारी ते मे आपल्या नाल्यात जे वाहतं ते पावसाचं नसतं, झऱ्याचं तर नसतंच. ते घराघरांत वापरून झालेलं उजनीचं पाणी असतं. आणि आपल्याकडे पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी वरच्या पेठांना पाळी असते त्या दिवशी बायका भांडी, धुणं, अंगण, सगळं उरकून घेतात, टाक्या भरून वाहतात. नाला फुगतो, पाणी पातळ होतं, आकडे बरे दिसतात. पाळीच्या आदल्या दिवशी धार बारीक, पाणी घट्ट, वास नाकात. एकाच मोरीवर दोन दिवसांत दोन वेगळे नाले भेटतात. म्हणून वहीत तारखेच्या शेजारी "पाळी" असा रकाना हवाच. कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी असते तो वारही लिहा. सुट्टीच्या दिवशी खारटपणा उतरला आणि अमोनिया तसाच राहिला, तर वेगळं काही सिद्ध करायला लागत नाही.

सणाचे दिवसही वेगळे ठेवा. संक्रांतीच्या गड्डा यात्रेला होम मैदानावर हजारो माणसं आणि खाण्याचे स्टॉल असतात, गणपतीला तलावांवर विसर्जन असतं. जमिनीचा वापर पंधरा दिवसांपुरता बदलतो. ते आकडे खोटे नसतात, पण वर्षाच्या सरासरीत घालू नका.

पाऊस पडला की कोणाचं पाणी येतं

उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल अशा भेगा पडतात. जूनचे पहिले पाऊस या भेगा गिळतात. वळीव कितीही जोरात होवो, शेतातून नाल्यात थेंब येत नाही. त्या वेळी नाल्याला आलेलं लोंढ्याचं पाणी सगळं शहराचं असतं: पत्रा, डांबर, गटार. पुढे माती फुगते, भेगा मिटतात, आणि आपल्याकडे पावसाचा भर सप्टेंबरात असतो तेव्हा तीच माती पाणी आत घ्यायला तयार नसते. मग शेताचं काळं गढूळ पाणी खतासकट येतं. म्हणजे त्याच मोरीवर जूनचा नमुना शहराची कहाणी सांगतो आणि सप्टेंबरचा शेताची. वर्षातून एकच पावसाळी नमुना घेऊन "पावसाळ्यात प्रदूषण कमी-जास्त" असं लिहिणाऱ्यांना माझ्याकडून मार्क मिळत नाहीत.

लोंढ्याचा नमुना घ्यायचा तर पाणी चढायला लागल्यापासून दर दहा मिनिटांनी एक बाटली, तासभर. पहिल्या दोन-तीन बाटल्या सगळ्यात घाण निघतात, कारण महिनोन्‌महिने साठलेली धूळ आणि गटाराच्या तळाचा गाळ पहिल्याच धारेत सुटतो. मग ईसी, म्हणजे क्षारांचा अंदाज देणारा आकडा, धाडकन उतरतो आणि गढूळपणा वर राहतो. बाटली दोरीला बांधून कठड्यावरूनच सोडा. खाली उतरायचं नाही. ऑक्टोबर २०२० मधल्या पावसात आपल्या जिल्ह्यात ओढ्यांनी काय केलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना हे दोनदा सांगावं लागत नाही.

काय विकत घ्यायचं, कसं मोजायचं

पैसे थोडे असतील तर या क्रमानं: थर्मामीटर, ईसी मीटर, पीएच मीटर, मग अमोनियाचं किट, मग प्राणवायूचं. ईसी म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते, पर्यायानं क्षार किती. बाजारातले टीडीएसचे, म्हणजे विरघळलेले क्षार दाखवणारे, पेन खरं तर ईसीच मोजतात आणि एका आकड्यानं गुणून टीडीएस दाखवतात. कुणी ०.५ ने गुणतं, कुणी ०.६४ ने, कुणी ०.७ ने. दोन पोरांचे दोन पेन वेगळं सांगतात ते यामुळे. बटण दाबून ईसीवर ठेवा आणि ईसीच लिहा, मायक्रोसीमेन्समध्ये. पीएच मीटर दर वेळी ७ आणि ९.२ च्या बफर द्रावणात तपासून घ्या. आपल्याला चढ्या बाजूचंच काम पडतं, ४ चं बफर पडून राहिलं तरी चालेल.

बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून, धारेच्या मधून, तोंड प्रवाहाकडे करून भरा. कडेचं साचलेलं नको, वरचा फेस नको, तळ ढवळून आलेलं तर नकोच. तापमान, पीएच आणि प्राणवायू जागेवरच, घरी नेऊन नाही. हातात रबरी मोजे हवेतच. पायात चप्पल नको, बूट हवा. चेंबरमध्ये डोकं घालायचं नाही, आत कितीही मोठा पुरावा दिसला तरी. मैल्यातला वायू एका श्वासात माणूस पाडतो.

प्राणवायूसाठी विंकलरची पद्धत मला अजून आवडते, कारण ती डोळ्यानं दिसते. काचेच्या बुचाची बाटली, बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरायची. मँगेनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड, दोन्ही पिपेटनं पाण्याच्या आत सोडायची, बूच लावायचं, उलटसुलट हलवायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. जितका जास्त, तितका गडद. नसेल तर साका पांढराच राहतो. खळीच्या किंवा मैल्याच्या पाण्याखालच्या मोरीवर तो पांढरा साका पहिल्यांदा बघितला की पोरं गप्प होतात. आकडा काढायला पुढे आम्ल आणि टायट्रेशन करावं लागतं, ते कॉलेजच्या लॅबमध्ये करून घ्या. साका धरलेली बाटली अंधारात काही तास टिकते.

बाजारात मिळणारी जंतूंची कुपी नाल्यासाठी घेऊ नका. हायड्रोजन सल्फाइडची ती कुपी मैल्याच्या पाण्यात काळीच होणार, त्यात नवीन काय कळलं? ती नाल्याकाठच्या बोअरसाठी वापरा. बोअरमध्ये नायट्रेटही बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. गंमत अशी की नाल्यातच नायट्रेट बहुधा सापडत नाही. प्राणवायूशिवाय अमोनियाचं नायट्रेट होत नाही, आणि असलेलं नायट्रेट जंतू खाऊन टाकतात. तेच पाणी झिरपून काठच्या बोअरला लागलं की तिथं ते दिसतं.

काळं पाणी रंगाचं की मैल्याचं?

माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. मैला कुजला की त्यातलं सल्फाइड लोखंडाशी मिळून काळं होतं. काळ्या रंगाचं डाइंग कुठं असेल तर तेही काळंच. फरक असा काढा.

पांढऱ्या काचेच्या ग्लासवर फिल्टर पेपरची घडी ठेवा. कॉफीचा चालतो, काही नसेल तर चारपदरी पांढरं सुती कापड. त्यातून पाणी ओता. कागदावर काळा थर राहिला आणि खाली उतरलेलं पाणी फिकट पिवळट आलं, तर ते सल्फाइड. तो कागद तासभर हवेत ठेवा, काळेपणा तांबूस-तपकिरीकडे झुकतो, कारण लोखंड गंजतं. खालचं पाणी निळसर, जांभळट किंवा लालसर आलं तर तो विरघळलेला रंग, तो कागदानं अडत नाही. तिसरी शक्यताही असते. टॉवेलला वापरतात ते व्हॅट रंग हवेत आल्यावर विरघळलेले राहत नाहीत, त्यांचे कण होतात. ते कागदावर अडकतात, पण गंजासारखे पालटत नाहीत, झगझगीत निळे-हिरवे तसेच राहतात. ग्लास दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर धरा. ट्यूबलाइटखाली शेड बघायची नाही, हे लॅबमधलं पहिलं शिक्षण नाल्यालाही लागू आहे.

आकडे जुळवताना

एका आकड्यावर काही ठरवू नका, जोड्या बघा. वरच्या मोरीपेक्षा खालच्या मोरीवर ईसी मोठा उडालाय, पाणी कोमट आहे, पीएच नऊच्या वर आहे, पण अमोनिया तेवढाच आहे, तर मध्ये ओलं रंगकाम होतंय. ईसी नळापेक्षा तीनशे ते सहाशेनं वर, अमोनिया भरपूर, पीएच साडेसातच्या आगेमागे, प्राणवायू शून्य, तर तो घरगुती मैला. माणसाच्या एका वापरात पाण्यात क्षारांची तेवढीच भर पडते, त्याहून फार जास्त आली तर दुसरं कारण शोधायचं. पीएच दहाच्या वर पण पाणी गार आणि रंग नाही, तर जवळ कुठंतरी स्लॅब पडतोय का ते बघा. सिमेंटचं धुवणही सोड्यासारखंच वागतं. तिथं पाणी आधी नायट्रिक आम्लानं आम्लधर्मी करा (नाहीतर चढ्या पीएचमुळेच साका येतो), मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून नळाच्या पाण्याशी तुलना करा. क्लोराइड भरपूर असेल तर दह्यासारखा पांढरा साका येतो, म्हणजे मीठ आहे. ग्लॉबर सॉल्ट वापरलेलं असेल तर हा साका येणार नाही, तिथं सल्फेट तपासावं लागतं. सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं की आठवडाभर काळा डाग, जपून.

ईसी अचानक उतरला, पाऊस नाही, पाळी नाही, आणि पाणी स्वच्छ? नळाच्या क्लोरीनसाठी वापरतात ते ओटीचे थेंब टाका. पिवळं झालं तर महापालिकेची पाइपलाइन फुटलीय. नाला मोजता मोजता गळती सापडते, आणि अशी तक्रार फार लवकर सुटते.

खूण म्हणून किडेही बघा. तळाच्या गाळात नुसत्या लाल अळ्या आणि शेपटीच्या अळ्या असतील तर प्राणवायू नसतोच, मीटर काही म्हणो. चतुराच्या अळ्या, शंख-शिंपले दिसले तर वर कुठंतरी बरं पाणी येतंय. गप्पी मासे दिसले म्हणून खूश होऊ नका. मलेरियावाले ते सोडतात आणि ते पृष्ठभागावर तोंड लावून जगतात. शेकाट्या पक्ष्यांचा थवाही चांगल्या पाण्याची साक्ष देत नाही, मैल्यातल्या अळ्या त्यांना आवडतात.

खालच्या अंगाला नाल्याच्या पाण्यावर मेथी-कोथिंबीर किंवा जनावरांचं गवत घेतात तिथं आणखी एक आकडा कामाचा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत शेतीला वापरायच्या पाण्याचा ईसी २२५० पर्यंत धरलाय. आपली माती आधीच चिकण, पाणी न मुरणारी. त्यावर सोडियमचं पाणी वर्षानुवर्षं पडलं की ती वर पांढरी आणि खाली दगड होते. त्या शेतकऱ्याशी बोलताना "तुमची भाजी विषारी" असं म्हणू नका. "अण्णा, तुमच्या मोटारीचा ईसी बघू का?" असं विचारा, तो स्वतः आकडा मागेल.

आणि आकड्याला प्रवाह जोडा. कडब्याचं एक कांडं वरून सोडा, पाच मीटर जायला किती सेकंद लागले ते मोजा. समजा वीस लागले, नाला दीड मीटर रुंद, दहा सेंटीमीटर खोल. ०.२५ गुणिले १.५ गुणिले ०.१, आणि तळाशी पाणी हळू असतं म्हणून गुणिले ०.८. सेकंदाला तीस लिटर, तासाला एक लाख आठ हजार. लिटरला एक ग्रॅम क्षार असतील तर तासाला एकशे आठ किलो क्षार त्या मोरीखालून जातात. "पाणी खारट आहे" यापेक्षा हे वाक्य कुणाच्याही टेबलावर जड पडतं.

मग या वहीचं काय करायचं

तुमच्या बाटलीला कोर्टात किंमत नाही, हे आधीच समजून घ्या. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकृत माणसानं, नोटीस देऊन, सील करून घेतला तरच तो पुरावा होतो. तुमचं काम त्यांना योग्य जागी, योग्य वेळी आणण्याचं. मी पाहिलेली बहुतेक पाहणी सकाळी अकरा ते दुपारी दोनमध्ये झाली, आणि तेव्हा नाला साधूसारखा शांत होता.

म्हणून अर्ज लिहिताना "भयंकर प्रदूषण होत आहे, त्वरित कारवाई व्हावी" हे वाक्य काढून टाका. मोरीची जागा, वार, वेळ, पाळी होती की नव्हती, वरच्या मोरीचे आकडे, खालच्या मोरीचे आकडे, मधल्या जमिनीचा तुमच्या जाळीचा नकाशा. कारखान्याचं नाव टाकू नका, दोन मोऱ्यांच्या मधलं अंतर टाका. मैल्याचा प्रश्न असेल तर एक प्रत महापालिकेच्या झोन कार्यालयाला, रंगाचा असेल तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूर कार्यालयाला, कळत नसेल तर दोन्हीकडे. ईसी रात्री दहानंतर चढतो असं वहीत दिसत असेल तर ती वेळ अर्जाच्या पहिल्या ओळीत, ठळक. आणि पोच घेताना आवक क्रमांक व तारखेचा शिक्का बघून घ्या. नुसत्या सहीवर परत येऊ नका.